वाढत्या गावातील जिल्हा परिषद शाळेच्या जादा वर्गखोल्यांचा प्रस्ताव रखडू नये म्हणून काय करावे

मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावरील बदलापूर, वांगणी, शेलू, नेरळ या पट्ट्यात मुंबई-ठाण्यात घर न परवडणारी कुटुंबे गेली अनेक वर्षे येऊन राहत आहेत. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे ९८ हजार होती, ती २०११ मध्ये सुमारे १ लाख ७४ हजारांवर गेली. २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही, त्यामुळे शासकीय नियोजनात अजूनही २०११ चेच आकडे फिरत राहतात. त्या आकड्यांवर बेतलेली शाळा प्रत्यक्षात आलेल्या मुलांना पुरत नाही. एकाच व्हरांड्यात पहिलीची मुले एका टोकाला आणि दुसरीची दुसऱ्या टोकाला, दोन काळे फळे भिंतीला टेकवून ठेवलेले, आणि एका बाजूला पाढे सुरू झाले की दुसऱ्या बाजूच्या बाईंनी वाचन थांबवायचे, अशा स्थितीत मुलांची सुरुवातीची वर्षे निघून जातात.

खोल्या का होत नाहीत, या प्रश्नाला ‘निधी नाही’ हे उत्तर ठरलेले असते आणि काही वर्षी ते खरेही असते. परंतु ज्या वर्षी निधी येतो, त्या वर्षी जागेचा उतारा सापडत नाही, जुन्या खोल्यांचे निर्लेखन (वापरास अयोग्य ठरवून नोंदीतून कमी करणे) झालेले नसते किंवा पटाची नोंद अपुरी निघते, आणि कागद तयार असलेल्या दुसऱ्या शाळेकडे तो निधी वळतो. म्हणून शाळा व्यवस्थापन समितीने निधीची वाट न पाहता कागद आधी पुरे करावेत. पुढील सर्व सूचना कागद पुरे करण्याच्या क्रमाने दिल्या आहेत.

पट आणि खोल्यांची नोंद

शिक्षकांची पदे ठरवणारी संचमान्यता साधारणपणे ३० सप्टेंबरच्या पटावर होते, आणि यू-डायस या देशभरातील शाळांच्या ऑनलाइन नोंदीत भरली जाणारी शाळेची माहितीही याच तारखेशी बांधलेली असते. भाड्याच्या घरात राहणारी कुटुंबे मात्र वर्षभर येत-जात असतात. दिवाळीनंतर दाखल झालेले मूल वर्गात बसते, पण पदांच्या हिशेबात ते पुढच्या वर्षीच येते. त्यामुळे जून ते सप्टेंबर या काळात समितीच्या सदस्यांनी नव्या इमारती आणि चाळींमध्ये स्वतः जाऊन दाखलपात्र मुलांची यादी करावी आणि ती मुख्याध्यापकांकडे लेखी द्यावी. जुन्या शाळेचा दाखला मिळायला उशीर होतो म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये स्पष्ट आहे. हे पालकांना सांगणे फार महत्त्वाचे आहे, कारण दाखल्यासाठी पुन्हा गावी जाण्याचा खर्च टाळण्याकरिता कित्येक जण मुलाला महिनोन्महिने घरीच ठेवतात. आधार नोंदणीतील नाव किंवा जन्मतारीख शाळेच्या नोंदीशी जुळत नसल्यास तेही याच महिन्यांत दुरुस्त करून घ्यावे.

याहून अधिक दुर्लक्ष खोल्यांच्या नोंदीकडे होते. यू-डायसमध्ये प्रत्येक वर्गखोली चांगली, किरकोळ दुरुस्तीची की मोठ्या दुरुस्तीची, हे भरावे लागते. छत गळते, स्लॅबमधील सळ्या उघड्या पडल्या आहेत, म्हणून बंद ठेवलेली खोली अनेक शाळांच्या माहितीत वर्षानुवर्षे ‘चांगली’ राहते, कारण आदल्या वर्षीचीच माहिती पुढे ओढली जाते. मग तालुक्याच्या तक्त्यात त्या शाळेला पुरेशा खोल्या आहेत असे दिसते आणि मागणी तिथेच थांबते. समितीने मुख्याध्यापकांसोबत बसून भरलेल्या माहितीची प्रत पाहावी आणि एकेका खोलीत जाऊन ती पडताळावी.

मागणी किती खोल्यांची करावी याचा आधार शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत आहे. पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार आणि २०० पर्यंत पाच शिक्षक असे प्रमाण आहे, तसेच प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली आणि एक कार्यालय असावे असे म्हटले आहे. मागणी करताना कार्यरत शिक्षकांऐवजी पटानुसार देय पदांवर हिशेब करावा; पदे रिक्त आहेत म्हणून खोल्याही कमी मागितल्या, तर शिक्षक आल्यावर बसवायचे कुठे हा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

जागा आणि निर्लेखन

प्रस्ताव सर्वांत जास्त काळ अडतो तो येथे. अनेक शाळा कोणीतरी पूर्वी तोंडी दिलेल्या जमिनीवर उभ्या आहेत. त्या वेळी सातबाऱ्यावर जिल्हा परिषदेचे किंवा शाळेचे नाव लागले नाही आणि आता जमिनीचे भाव वाढल्यावर वारस हरकत घेतात. त्यामुळे पहिल्याच महिन्यात सातबारा उतारा आणि संबंधित फेरफार काढावा. शाळा गावठाणात असेल, तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा घ्यावा. सातबाऱ्यावरील इतर हक्काचा रकाना लक्षपूर्वक वाचावा. नाव नसेल, तर दानपत्र, जुना ठराव, शाळेचे जुने दप्तर असे जे हाती लागेल ते घेऊन तलाठ्यांकडे व तहसीलदारांकडे अर्ज करावा, आणि त्याच वेळी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून हद्दीच्या खुणा पक्क्या कराव्यात. हद्द ठरलेली नसली की पाया खणायच्या दिवशीच शेजारी येऊन काम थांबवतात.

जागाच कमी असेल, तर गावातील शासकीय किंवा गायरान जमिनीची मागणी ग्रामसभेच्या ठरावासह जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. नगरपरिषद झालेल्या गावात विकास आराखड्यातील शाळेसाठीची आरक्षणे, म्हणजे राखून ठेवलेल्या जागा, पाहावीत. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम १२७ नुसार, आराखडा अंतिम झाल्यापासून दहा वर्षांत जागा संपादित न झाल्यास मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरच्या मुदतीत कार्यवाही न झाल्यास आरक्षण रद्द होते. शाळेची एकेक जागा अशी हातची जाताना गावाला त्याचा पत्ताही लागत नाही, ही मोठी खेदाची गोष्ट आहे. दहा वर्षे केव्हा पुरी होतात, हे नगररचना शाखेकडून लेखी विचारून घ्यावे.

जुन्या, धोकादायक खोल्या पाडून त्याच जागी नव्या बांधायच्या असतील, तर आधी त्यांचे निर्लेखन मंजूर व्हावे लागते. त्यासाठी बांधकाम उपविभागाच्या अभियंत्यांचा पाहणी अहवाल, छायाचित्रे आणि समितीचा ठराव लागतो. हे काम नव्या खोल्यांच्या मंजुरीनंतर हाती घेतले, तर तेवढा काळ मंजूर निधी पडून राहतो. दोन्ही प्रस्ताव एकाच वेळी पाठवायला कोणताही अडसर नाही.

आराखडा, मंजुरी आणि पाठपुरावा

शाळा विकास आराखडा हा अनेक ठिकाणी भरून ठेवण्याचा एक कागद समजला जातो, पण शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ नुसार शासनाच्या व स्थानिक प्राधिकरणाच्या योजनांचा आणि अनुदानांचा आधार तोच आराखडा आहे. डिसेंबरपूर्वी तो पुरा करून, खोल्यांची मागणी त्यात आकड्यांसह लिहून, ग्रामसभेत त्याच्या पाठिंब्याचा ठराव घ्यावा. त्यानंतर प्रस्ताव केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी आणि प्राथमिक शिक्षणाधिकारी या मार्गाने जातो. समग्र शिक्षा ही शालेय शिक्षणाची केंद्र पुरस्कृत योजना आणि जिल्हा वार्षिक योजना हे निधीचे दोन मुख्य मार्ग आहेत; दोन्हींकडे मागणी नोंदवावी, मात्र एका मार्गाने मंजुरी मिळताच दुसरीकडे तसे कळवावे, नाहीतर दुबार मंजुरीच्या कारणाने दोन्ही अडकतात. आमदार निधी किंवा कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी मिळत असेल, तर जिल्हा परिषदेची लेखी परवानगी घेतल्याशिवाय बांधकाम सुरू करू नये.

प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यारंभ आदेश हे पुढचे टप्पे आहेत. येथे तारखांचे भान ठेवावे लागते. निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि कार्यारंभ आदेश निघालेला नसेल, तर काम सुरू होत नाही. जिल्हा वार्षिक योजनेतून जिल्हा परिषदेला मिळालेला निधी पुढील आर्थिक वर्षाच्या अखेरीपर्यंत खर्च करावा लागतो, अन्यथा तो परत जातो. आणि कोकण पट्ट्यात जूनपासून चार महिने पायाचे काम जवळजवळ होतच नाही, म्हणून कार्यारंभ आदेश दिवाळीच्या आसपास हाती यावा असा प्रयत्न असावा.

पाठपुरावा नेहमी लेखी करावा. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का व क्रमांक घ्यावा, आणि ‘आमच्या शाळेचे काय झाले’ असे मोघम न विचारता, ‘अमुक आवक क्रमांकाचा प्रस्ताव सध्या कोणत्या टेबलावर आहे आणि त्यावर कोणती त्रुटी काढली आहे’ असे विचारावे. त्रुटीचे पत्र शाळेपर्यंत पोहोचलेच नाही, असे वारंवार घडते. उत्तर न आल्यास माहिती अधिकाराचा अर्ज करावा. त्याला ३० दिवसांची मुदत आहे आणि फाइलवरील टिपणीची प्रतही मागता येते. मात्र कारकून किंवा अभियंत्यांशी वैर धरण्यात शाळेचे नुकसानच असते, कारण पुढचा कागद त्यांच्याच हातून जायचा असतो.

खोल्या होईपर्यंत दोन सत्रांत शाळा भरवावी लागली, तर वेळापत्रक समितीच्या ठरावाने ठरवावे. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हायला हवे. सत्र लहान करताना हा हिशेब मोडणार नाही हे पाहावे, आणि मध्यान्ह भोजन दोन्ही सत्रांना मिळेल अशी सोय करावी. लहान मुलांना सकाळचे सत्र द्यावे, कारण लोकलने कामाला जाणाऱ्या आईवडिलांना दुपारी मुलांना पोहोचवणे शक्य होत नाही.

काम सुरू झाल्यावर अंदाजपत्रकाची प्रत समितीकडे ठेवावी. खोल्यांचे माप, उतरता मार्ग (रॅम्प), शौचालय व पाण्याची जोडणी त्यात आहे का ते ताबा घेण्यापूर्वी तपासावे. पहिल्या पावसात छत आणि खिडक्यांच्या कडा पाहाव्यात. गळती दिसली, तर दोषदायित्वाचा कालावधी (ज्या मुदतीत बांधकामातील दोषांची जबाबदारी ठेकेदारावर असते) संपण्याआधी छायाचित्रांसह उपअभियंत्यांना लेखी कळवावे, म्हणजे दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने होते.