शाब्दिक गणित मांडायला मुलांना कसं शिकवावं

"मॅडम, तुम्ही फक्त मांडून द्या, सोडवतो आम्ही." दहावीच्या वर्गात बीजगणिताच्या पहिल्याच प्रकरणात, जुलै संपायच्या आत, हे वाक्य येतंच. समीकरणं हातात दिली की हीच मुलं एका चलाचा लोप करतात, क्रेमरचे निश्चयक काढतात, आलेखावर दोन रेषा छेदूनही दाखवतात. चार ओळींचं शाब्दिक गणित दिलं की पेन खाली. स्वयंपाक तुम्ही करा, जेवतो आम्ही, असला प्रकार.

सांगली-मिरजेच्या आसपासच्या शाळांत मी बावीस वर्षं नववी-दहावीला गणित शिकवते आहे. बाकी सगळ्या अभ्यासक्रमावर मिळून आपटलं नसेल एवढं डोकं मी या एका अडचणीवर आपटलंय. म्हणून हे सगळं मांडणीबद्दलच. ज्यांना सोडवताच येत नाही त्यांच्याकडून आठवीची एकचल समीकरणं आठवडाभर घोटून घ्या आणि मग इकडे या.

आधी तो तक्ता पुसा

'एकूण' दिसलं की बेरीज, 'उरले' दिसलं की वजाबाकी, 'प्रत्येकी' दिसलं की भागाकार. हा तक्ता गाईडांत असतो, शिकवण्यांत पाठ करून घेतात, आणि कबूल करते, पहिली तीन वर्षं मीही तो रंगीत खडूने फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचे. मग एकदा नववीच्या घटक चाचणीत विचारलं: 'सोहम पाच गोट्या हरला. त्याच्याकडे बारा उरल्या. आधी किती होत्या?' अर्ध्याहून जास्त वर्गाने सात लिहिलं. पाचवीतल्या पोराने सतरा सांगितलं असतं, कारण त्याला तक्ता ठाऊक नसतो. त्या दिवशी कोपरा पुसला.

'वयावरची', 'वेगावरची', 'अंकांवरची' अशी गणितांची खाती पाडून शिकवणं हाही त्याच घरचा पाहुणा. मूल गणित वाचतच नाही, खातं शोधत बसतं.

पहिला तास वहीशिवाय

पावसाळ्यात आमच्याकडे कृष्णेच्या पुराचा विषय आयता मिळतो. "आयर्विन पुलापाशी पाणी ३२ फुटांवर आहे. तासाला चार इंच चढतंय. इशारा पातळी ४० फूट. आपल्या हातात वेळ किती?" शेवटच्या बाकावरून उत्तर येतं, "उद्या ह्याच टायमाला." बरोबर, २४ तास. एरवी शाब्दिक गणिताला हात न लावणारा मुलगा तो. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये याच पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, आणि कोयना धरणातून विसर्ग वाढला की ते इथे कधी पोचेल हा हिशोब घराघरात चालतो. त्याला फक्त विचारा, कसं काढलंस? "आठ फूट म्हणजे ९६ इंच, भागिले चार." ४ × तास = ९६ हे समीकरण त्याने तोंडी मांडलंय, हे त्याला सांगा आणि पुढे चला. यावर दहा मिनिटांपेक्षा जास्त घालवू नका.

'समजा' नंतर काय येतं

पुस्तकात इंग्रजी अक्षरं असतात, मी इथे आपले जुने क्ष आणि य घेते. मुलांच्या वहीत पहिली ओळ हमखास अशी असते: 'समजा तिकीट = क्ष.' तिकिटाचं काय क्ष? किंमत? संख्या? नंबर? इथेच पाय घसरतो आणि चूक चार ओळी खाली दिसते. माझा नियम कडक आहे. 'समजा' नंतर मोजता येईल अशीच गोष्ट आली पाहिजे, एककासह. 'समजा पूर्ण तिकीट काढलेल्या प्रवाशांची संख्या क्ष.' ही ओळ नसेल तर माझ्या चाचणीत पुढचं सगळं बरोबर असलं तरी मी गुण कापते. पालक भांडायला येतात, येऊ द्या.

अक्षर म्हणजे वस्तूच, हा गैरसमज फार खोलवर असतो. 'शिक्षकांच्या सहापट विद्यार्थी आहेत' हे मांडायला सांगा. निम्मा वर्ग ६व = श लिहील, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे सहा विद्यार्थी आणि त्यांच्यासमोर एक शिक्षक उभा असतो. आपली मुलं कच्ची आहेत असं समजू नका. १९८० च्या सुमारास अमेरिकेत अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या दीडशे विद्यार्थ्यांना हाच प्रश्न दिला होता, ३७ टक्के चुकले. फळ्यावर पुन्हापुन्हा समजावून ही चूक जात नाही. आकडा घालायला लावा: शिक्षक दहा, तर विद्यार्थी साठ. आता तुझ्या समीकरणात घाल. सहा गुणिले साठ बरोबर दहा? मूल स्वतःच खोडतं.

बाराव्या शतकात भास्कराचार्य अज्ञात राशीला 'यावत्तावत्' म्हणायचे, म्हणजे 'जेवढं असेल तेवढं'. (पुढच्या अज्ञातांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं.) मी वर्गात क्ष दिसला की 'जेवढे असतील तेवढे' असं मोठ्याने वाचायला लावते. पहिल्या दिवशी हसतात, आठवड्याने आपोआप म्हणतात.

आकडा धरा, पण हिशोब करू नका

हीच अवघड पायरी, आणि मला ती नीट जमायला सहा-सात वर्षं लागली. गणित असं घ्या:

'एका एसटीत ४६ प्रवासी आहेत. पूर्ण तिकीट ८० रुपये, अर्धं ४० रुपये. कंडक्टरकडे ३१६० रुपये जमले. पूर्ण तिकीट किती जणांनी काढलं?'

(इथे कुणीतरी म्हणणारच, "मॅडम, बायकांनाबी हाफच की." खरं आहे, मार्च २०२३ पासून. अर्ध्या तिकिटात आई आणि धाकटा दोघंही धरा म्हणावं.)

क्ष मुळीच काढू नका. म्हणा, अंदाजाने उत्तर सांगा. कुणी म्हणेल वीस. ठीक, वीस बरोबर आहे का ते कंडक्टरसारखं तपासू. वीस पूर्ण, मग अर्धी तिकिटं किती? पैसे किती? मुलं भराभर २६ म्हणतात, १६०० अधिक १०४० म्हणतात, २६४० आले, कमी पडले. वीस चूक.

पहिली काही वर्षं मी इथेच फसायचे. अंदाज चुकला की दुसरा अंदाज घ्यायचे, तो चुकला की तिसरा, आणि मग "आता वीसच्या जागी क्ष लिहा" म्हणायचे. मुलं फळ्याकडे बघत बसायची. कारण फळ्यावर वीस राहिलेलाच नसायचा! २६ मध्ये तो विरघळला, १६०० मध्ये विरघळला. पुसणार काय आणि कुठलं? मला वाटायचं पोरांचं लक्ष नाही. खोट माझ्या फळ्यावर होती.

म्हणून तपासणीचा हिशोब मांडून ठेवायचा, करायचा नाही. २६ लिहायचं नाही, ४६ − २० लिहायचं. १६०० लिहायचं नाही, ८० × २० लिहायचं. मुलं चिडतात, "मॅडम, येतंय की तोंडी," म्हणतात. तरी लिहायला लावा:

८० × २० + ४० × (४६ − २०) = ३१६० ?

शेवटचं प्रश्नचिन्ह विसरू नका, कारण ते खरं आहे की नाही हे अजून ठरायचंय. खाली तशीच दुसरी ओळ, तीस धरून:

८० × ३० + ४० × (४६ − ३०) = ३१६० ?

आता दोन्ही ओळींवरून बोट फिरवायला सांगा. काय बदललं, काय तसंच राहिलं? बदललेल्या आकड्याभोवती लाल खडूने गोल. दोन्ही ओळींत तो दोनदा आलाय. गोल पुसा, क्ष लिहा:

८०क्ष + ४०(४६ − क्ष) = ३१६०

मांडणी झाली. तुम्ही काही सांगितलेलं नाही, मुलांनी स्वतःची तपासणीच लिहून काढली आहे. अंदाज धरून गणित सोडवणं हे आपल्याकडे जुनंच, लीलावतीत त्याला इष्टकर्म म्हणतात. तिथे धरलेल्या इष्ट राशीवरून त्रैराशिकाने थेट उत्तर काढतात. आपल्याला अंदाजाचं उत्तर नकोय, त्याचा सांगाडा हवाय.

अंदाजाचा आकडा मात्र निवडून घ्या. एका वर्षी तपासणीच्या उत्साहात मी ४० धरला. ओळ झाली ८० × ४० + ४० × (४६ − ४०). क्ष घाला म्हटल्यावर मुलांनी सगळे ४० पुसले आणि ८०क्ष + क्ष(४६ − क्ष) असं वर्गसमीकरण तयार झालं. तिकिटाचा दर आणि माणसं एकाच अक्षरात! तेव्हापासून नियम: गणितात आधीच असलेला आकडा धरायचा नाही, एकूण संख्येच्या निम्माही नाही. इथे २३ धरला तर ४६ − २३ म्हणजे पुन्हा २३ आणि पूर्ण-अर्ध्याचा घोळ. ० आणि १ सुद्धा नकोत, ते गुणाकारात दिसेनासे होतात. १७ किंवा १९ सारखा आडनिडा आकडा सगळ्यात बरा.

आणखी एक. एखादा हुशार मुलगा मध्येच म्हणेल, "मॅडम, एक प्रवासी अर्ध्यातून पूर्णात गेला की चाळीस रुपये वाढतात. तीसला १२० कमी पडले, म्हणजे तेहतीस." त्याला गप्प करू नका. उत्तर बरोबर आहे, समीकरणाचा कंस सोडवल्यावर उरणारं ४०क्ष त्याने तोंडी पकडलंय. फक्त वहीत मात्र त्यालाही मांडायला लावा, बोर्डाचा पेपर तपासणाऱ्याला त्याचं डोकं दिसत नाही.

दोन चलं हवी असतील तर दोन अंदाज धरा, दोन रंगांचे गोल काढा. बाकी सगळं तेच.

मराठीचे सापळे

'आईचं वय मुलाच्या वयापेक्षा २६ ने जास्त' हे वाचून मुलं आई + २६ = मुलगा लिहितात, कारण वाक्यात आई आधी येते आणि २६ नंतर. उपाय वरचाच, आकडा घाला.

दीडपट, पावणेदोनपट, पाऊणपट हे शब्द आता कित्येक मुलांना कळत नाहीत. पावकी-निमकी त्यांच्या आजोबांबरोबर गेली. लाजू नका, पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं हे शब्दच शिकवा.

आणि दोन अंकी संख्या. दशकस्थानी क्ष, एककस्थानी य, तर संख्या काय? वर्ग एकमुखाने म्हणतो, "क्षय." मग ४७ म्हणजे ४ × ७ = २८ का, एवढंच विचारा. १०क्ष + य तिथल्या तिथे निघतं. इंग्रजी अक्षरांत हा विनोद करता येत नाही, एवढ्यापुरता मला जुना क्ष प्यारा आहे.

सोडवणं

मुलं सोडवतील. क्ष = ३३.

ताळा गोष्टीत घ्या

समीकरणात उत्तर घालून बघणं हा अर्धा ताळा झाला. समीकरणच चुकीचं असेल तर चुकीचं उत्तरही त्यात चपखल बसतं. म्हणून पुन्हा एसटीत चढायचं: ३३ पूर्ण, १३ अर्धी, मिळून ४६. २६४० आणि ५२०, मिळून ३१६०. एकदा एका मुलीचं उत्तर साडेबारा प्रवासी आलं होतं आणि तिने ते चौकटीत सुवाच्य लिहिलं होतं. शेवटची ओळ नेहमी पूर्ण वाक्यात लिहायला लावा. 'साडेबारा जणांनी पूर्ण तिकीट काढलं' असं लिहिताना हात थांबतो.

उलटं गणित

हे जमलं की समीकरण तुम्ही द्या आणि गोष्ट मुलांना लिहू द्या. गेल्या वर्षी ३क्ष + ४ = ३१ दिलं होतं. एका मुलीने लिहिलं: 'आमच्या तीन म्हशी सारखंच दूध देतात. शेजारच्या काकूंचं ४ लिटर आमच्याच नावावर घातलं. डेअरीला ३१ लिटर गेलं. तर एक म्हैस किती दूध देते?' नऊ लिटर. मी शाबासकी देणार तेवढ्यात मागून एकजण ओरडला, "नऊ? एका टायमाला? म्हस हाय का टँकर?" दोघांचं जुंपलं. शेवटी तिने वही ओढली आणि 'समजा'ची ओळ खोडून नव्याने लिहिली: 'समजा एका म्हशीचं सकाळ-संध्याकाळ मिळून दूध क्ष लिटर.'