पीक दाण्यात येताना: ट्रेल कॅमेरा झाडावर उंच बसवण्यासाठी घरगुती ब्रॅकेट

पीक दाण्यात आले की रात्रीची नासधूस वाढते. कोणता प्राणी, कोणत्या बाजूने आणि किती वाजता येतो हे कळल्याशिवाय कुंपण किंवा राखण योग्य जागी करता येत नाही. ट्रेल कॅमेरा, म्हणजे समोर प्राणी आला की सेन्सरने ओळखून आपोआप फोटो घेणारा कॅमेरा, ते सांगतो. पण कमरेच्या उंचीवर लावला तर रानडुकरे त्याला अंग घासतात, शिवाय चोरीची भीती असते. अडीच ते तीन मीटर ही उंची चांगली. त्याहून वर नेल्यास प्राण्याची नुसती पाठ दिसते, ओळख पटत नाही.

उंच लावलेला कॅमेरा खाली झुकलाच पाहिजे. तीन मीटरवरून 25 अंश झुकवला की दृश्याचा मध्य झाडापासून सुमारे साडेसहा मीटरवर येतो. कॅमेऱ्यामागे काटकी खोचून हा कोन टिकत नाही, वाऱ्याने ती निसटते. लाकडी पाचर करा: उंची 12 सेंमी, वरची जाडी साडेपाच सेंमी, खाली निमुळती.

15 × 25 सेंमीची, 12 मिमी जाड प्लायवूडची फळी घ्या. तिच्यावर पाचर जाड बाजू वर ठेवून स्क्रूने पक्की करा. पाचरीच्या उतारावर 3 मिमी जाड, 25 मिमी रुंद लोखंडी पट्टीचा काटकोनी ब्रॅकेट बसवा. आडवा हात खाली आणि पुढे येईल. स्क्रूची डोकी पट्टीत बुडवा, नाहीतर कॅमेऱ्याची पाठ टेकत नाही. काही कॅमेऱ्यांचे बॅटरीचे झाकण तळाशी उघडते. पट्टी कापण्याआधी ते मोजून घ्या.

बहुतेक कॅमेऱ्यांच्या तळाचे भोक पाव इंची, म्हणजे दोन सुताचे, इंचाला 20 आटे असलेले असते. 6 मिमीचा बोल्ट दिसायला तसाच, पण एक-दोन फेऱ्यांनंतर अडतो आणि जोर लावला तर कॅमेऱ्याचे आटे जातात. काडी घालून भोकाची खोली मोजा. पट्टीला 7 मिमीचे भोक पाडा. बोल्टवर आधी नट, मग वॉशर चढवून तो खालून पट्टीतून कॅमेऱ्यात हाताने फिरवा. भोकाच्या तळाला टेकण्याआधी थांबा आणि मग नट वर आवळा. बोल्ट तळाला टेकवून आवळला तर प्लास्टिक तडकते.

फळीला वर व खाली 30 × 5 मिमीच्या खाचांची एकेक जोडी पाडून 25 मिमीचे दोन पॉलिस्टर पट्टे ओवा. एकाच पट्ट्यावर फळी फिरते. फळीमागे सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चिकटवा. तार किंवा खिळे नकोत. झाड जाड होत जाते तशी तार सालीत रुतून खोड आवळते. हंगाम संपला की पट्टे सोडा.

खोड निदान 20 सेंमी जाडीचे असावे. बारीक झाड वाऱ्यात डोलले की चित्र हलते आणि सेन्सर उगाच चालतो. हा सेन्सर उष्णतेतला हलता फरक टिपतो, म्हणून उन्हाने तापलेली, हलणारी पानेही त्याला प्राणी वाटतात. समोरची पाच-सहा मीटरपर्यंतची डहाळी छाटा. जवळचे एखादे पान रात्री इन्फ्रारेड प्रकाशात पांढरे झळकते आणि मागचा प्राणी अंधारात जातो. उगवत्या-मावळत्या सूर्याकडे तोंड नको. प्राण्याची वाट कॅमेऱ्यासमोरून आडवी जाईल असे बघा. सरळ अंगावर येणारा प्राणी सेन्सरला उशिरा कळतो.

चढण्याआधी वीजतारा आणि मधमाश्यांचे पोळे तपासा. शिडी चार फूट उंचीला एक फूट या प्रमाणात खोडापासून दूर टेकवून वरून बांधा, खाली एक माणूस धरायला हवा. हात मोकळे ठेवून चढा. ब्रॅकेट दोरीने वर ओढून घ्या.

बसवल्यावर चाचणी मोड लावून खाली वाकून, डुकराच्या उंचीवर, वाटेवरून आडवे चाला. उभ्या माणसाला कॅमेरा टिपतो म्हणून समाधान मानू नका. चाचणी मोडमध्ये हालचाल टिपल्याचा दिवा लागत नसेल तर पाचर आणखी घासण्याआधी पट्टे सोडून फळी थोडी खाली सरकवून पाहा. बॅटऱ्या सगळ्या एकाच वेळी नव्या घाला. जुन्या-नव्या मिसळल्या तर जुन्या आधी उतरतात आणि कॅमेरा ऐन रात्री बंद पडतो.