मानहाइमला येताय? ‘थई जशे’चं काय करायचं ते आधी ठरवा

दर वर्षी उत्तरायणाला मी बडोद्याला दांडिया बाजारात घरी येते, आणि दर वर्षी गच्चीवर कोणाची तरी आई तिळाच्या लाडवांची वाटी पुढे करत म्हणते, "आमचा हा जर्मनीला चाललाय, एका सत्रासाठी. बिझनेस शिकायला. त्याला जरा चार गोष्टी सांग ना." मग तो ‘हा’ बगलेत फिरकी धरून येतो आणि विचारतो, "ताई, जॅकेट किती जाड घेऊ?" जॅकेट मानहाइमला येऊनच घ्या. बाकीचं, पतंग कापल्यावरच्या ‘काप्यो छे’च्या आरड्यात जे सांगता येत नाही, ते इथे लिहिते.

आधी कागद. कोणते विषय घेणार त्याचा करार, म्हणजे लर्निंग अ‍ॅग्रीमेंट, दोन्ही विद्यापीठांच्या सह्यांनिशी हातात आल्याशिवाय बडोदं सोडू नका. युरोपात पूर्ण सत्र म्हणजे ३० ईसीटीएस क्रेडिट (ईसीटीएस म्हणजे युरोपातल्या विद्यापीठांची अभ्यास मोजायची सामायिक पद्धत), आणि एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचा अभ्यास, वर्गातले तास धरून. परत गेल्यावर "हा विषय आमच्याकडे बसत नाही" असं ऐकून घेतलेली मुलं मी पाहिली आहेत. व्हिसासाठी पैसे साधारण महिना ९९२ युरोंच्या हिशेबाने दाखवावे लागतात. हा सप्टेंबर २०२४ पासूनचा दर. खोलीत राहायला गेलात की दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात नाव नोंदवायचं. याला आन्मेल्डुंग म्हणतात आणि त्यासाठी घरमालकाचा सहीचा दाखला लागतो. वेळ आधी ऑनलाइन घ्या, वेळा लवकर संपतात.

गाव सोपं आहे. जुन्या शहरात बहुतेक गल्ल्यांना नावंच नाहीत, चौकटींना अक्षर आणि आकडा आहे. मांडवीच्या पोळांत, म्हणजे बडोद्याच्या जुन्या अरुंद गल्ल्यांत, वाढलेल्या माणसाला हे इतकं सरळ वाटतं की पहिल्या आठवड्यात मी त्यामुळेच चुकत होते. विद्यापीठाचा मोठा भाग जुन्या राजवाड्यात भरतो. आपल्याकडे लक्ष्मीविलास बघायला तिकीट काढतात, इथे राजवाड्यात बसून ताळेबंद शिकतात. आणि गुणांचं घरी आधीच सांगून ठेवा: इथे १ सगळ्यात चांगला, ४ म्हणजे काठावर पास. मी फोनवर "एक पूर्णांक तीन मिळाले" म्हटल्यावर आजी बराच वेळ काही बोललीच नव्हती.

आता मुद्द्याचं.

२००७ च्या ऑक्टोबरात आम्हा पाच जणांना मिळून एक प्रकल्प करायचा होता. दोन जर्मन, एक पोलिश, एक मेक्सिकन आणि मी. भारतातल्या किरकोळ बाजाराचे आकडे मी आणायचे होते. "होईल ना?" असं विचारल्यावर मी "हो हो, होईल" म्हणाले. ते वेळेत होणार नाही हे मला तेव्हाच माहीत होतं. पण तोंडावर नाही कसं म्हणायचं? इतिवृत्त लिहिणाऱ्या मुलीने माझ्या नावापुढे लिहिलं: १८ ऑक्टोबर, गुरुवार, दुपारी १२. गुरुवारी बाराला माझ्याकडे अर्धंमुर्धं होतं. कोणी आवाज चढवला नाही. तिने कागदावरच्या ओळीवर पेन टेकवलं आणि विचारलं, "मग तू हो का म्हणालीस?"

मी तिला समजावायला गेले. आमच्याकडे ‘थई जशे’, ‘होऊन जाईल’, म्हणजे तारीख नसते. काळजी करू नकोस, मी तुझ्या बाजूने आहे, एवढाच त्याचा अर्थ. तिने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. मग तुमच्याकडे नाही कसं म्हणतात?"

मी विचार केला आणि म्हणाले, "बघू."

त्या सत्रात मी जे काही शिकले त्यातलं निम्मं या संभाषणात होतं. इथे गुरुवारी होणार नसेल तर सोमवारीच सांगा. राग येत नाही, उलट भाव वाढतो. तुमच्या कामावर "हे चुकलंय" असं चारचौघांत म्हणतील. ते कामाला म्हणतात, तुम्हाला नाही, आणि नंतर त्याच माणसाबरोबर कॉफी प्यायला जायचं असतं. मला हे पचायला दोन महिने लागले.

पण याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर तुम्ही परत जाऊन आपल्या लोकांना नावं ठेवाल. काही वर्षांनी इथली एक सहकारी माझ्याबरोबर बडोद्याला लग्नाला आली. रावपुऱ्यातल्या शिंप्याकडे तिने ब्लाउज टाकला. तो म्हणाला, मंगळवारी. मंगळवार गेला, बुधवार गेला. ही रोज जाऊन विचारायची आणि "थई जशे, बेन" ऐकून यायची. लग्नाच्या सकाळी सात वाजता शिंपी स्वतः स्कूटरवर आमच्या दारात. डोळे लाल, दोरे अजून शर्टाला चिकटलेले. रात्री दोनपर्यंत बसला होता. बाही सैल निघाली तर ओट्यावर बसून टीप मारून दिली आणि जादा पैसे घेतले नाहीत. ती मला विचारत होती, "याच्या रात्रीचे पैसे कोण देतं?" कोणीच देत नाही. तो मंगळवारचा शब्द देत नव्हता, लग्नाचा देत होता.

सांस्कृतिक व्यवस्थापनाच्या तासाला तुम्हाला हॉफस्टेड या डच संशोधकाच्या, देशोदेशीच्या संस्कृतींतला फरक मोजायच्या मोजपट्ट्या शिकवतील: सत्तेचं अंतर, अनिश्चिततेची भीती, देशोदेशीचे आकडे. शिका, परीक्षेत येतात. फक्त ते मूळ आकडे आयबीएम या एका कंपनीतल्या नोकरदारांना विचारून काढलेले आहेत, एवढं लक्षात ठेवा. रावपुऱ्याचा शिंपी त्यात नव्हता.

दुकानं रविवारी बंद असतात, शनिवारी संध्याकाळीच दूध-पाव आणून ठेवा. याला गावंढळपणा म्हणून हसू नका. रविवारच्या विश्रांतीचं रक्षण इथल्या राज्यघटनेत आहे. पाण्याची एकदाच वापरायची प्लास्टिकची बाटली घेतलीत की तिच्यावर २५ सेंट अनामत लागते. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकायची, ते पावती देतं, ती गल्ल्यावर वटते. बाटली चेपू नका, यंत्राला तिच्यावरची बारकोडची पट्टी वाचता आली पाहिजे. त्या यंत्रापुढे रांगेत उभं राहून हा पैसा दुकानदार, कारखाना, गिऱ्हाईक असा कसा फिरतो ते मांडून बघा. वर्गातल्या एखाद्या केस स्टडीपेक्षा जास्त समजतं.

कंपनीच्या भेटीला नेतील तेव्हा स्लाइडचे फोटो काढत बसू नका. कामगारांचे प्रतिनिधी कुठे बसतात ते विचारा. दोन हजारांहून जास्त कामगारांच्या कंपनीत संचालकांवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळात निम्म्या जागा कामगारांच्या असतात. हा कायदा १९७६ चा. आपल्या मुलांना हे खरंच वाटत नाही.

आणि ऱ्हाइनच्या पलीकडे लुडविग्सहाफेनला बीएएसएफ या रसायन कंपनीचा कारखाना आहे. रात्री त्याचे दिवे दिसले की मला बडोद्याजवळची कोयलीची रिफायनरी आठवते. १८९७ मध्ये या कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि आपल्याकडच्या निळीच्या शेतीचा बाजार बसला. वीस वर्षांनी गांधीजी चंपारणला गेले ते निळीच्याच शेतकऱ्यांसाठी. देशोदेशीचा व्यापार म्हणजे काय, हे मला त्या पुलावर उभं राहून कळलं. पूल पायी ओलांडा, ट्रामने नको.

आपल्या गावाला हे नवं नाही. सयाजीराव महाराज १८८७ पासून परदेश पाहत होते, पण बघून आले आणि विसरले असं झालं नाही. १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा निघाली, १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल आणून त्यांनी वाचनालयांची व्यवस्था लावली. १९१३ मध्ये डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंडांवर. तुम्हाला त्याहून बरे पैसे आहेत.

शिवाय तुम्ही लहानपणापासून दोन बाजारांत वाढलात. घरी मराठी, खंडेराव मार्केटात गुजराती, आणि भाजीवाल्याशी घासाघीस करताना कधी कुठली भाषा वापरायची ते कोणी शिकवलं नाही. ते इथे उपयोगी पडतं. फक्त सगळे देशी एकाच स्वयंपाकघरात जमून सत्र काढू नका. आठवड्यातून एक रात्र खिचडी पुरे.

येताना श्रीखंड, पेढे, तूप आणू नका. युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. तुपाची सोय इथे आहे, कुठल्याही किराणा दुकानात बुटरश्माल्झ मागा. गोडा मसाला आणा. भाकरवडी आणा, दोन पाकिटं, एक माझं. घ्यायला स्टेशनवर येईन. किती वाजता पोचताय ते आधी कळवा, आणि गाडी चुकली तर तेही.