गुरुवारी प्रेस उघडायची असेल तर

भोसरी-पिंपरीकडे एमआयडीसीला सुट्टी गुरुवारची, म्हणून पॉवर प्रेसचं, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या-वाकवणाऱ्या मशीनचं, मेंटेनन्सही गुरुवारीच निघतं. तयारी मात्र बुधवारी दुसऱ्या शिफ्टलाच करून ठेवा. कोण कोण मशीनवर असणार त्यांची नावं परमिटवर, म्हणजे कामाच्या परवानगीच्या कागदावर, लिहून घ्या आणि प्रत्येकाला बंद केलेल्या मेन स्विचवर लावायला स्वतःचं कुलूप द्या. चौघांत एक कुलूप चालणार नाही. किल्ली ज्याच्या त्याच्या खिशात. सुपरवायझरच्या टेबलावर ठेवलेली किल्ली कोणीही उचलतो. शिफ्ट बदलताना नवा माणूस आधी आपलं कुलूप लावेल, मगच जुना आपलं काढेल. 'काम चालू आहे' असा नुसता बोर्ड टांगून भागत नाही.

खरा घोळ होतो तो मेन स्विच पाडल्यावर. वीज गेली की मशीन मेलं असं सगळे धरून चालतात. मोटर बंद झाली तरी फ्लायव्हील, म्हणजे मशीनचं जड चाक, बराच वेळ फिरत राहतं, आणि तेवढ्यात त्याची गती पुढे जोडणारा क्लच लागला तर रॅम, म्हणजे पत्रा दाबणारा वरचा जड भाग, खाली येतो. म्हणून चाक पूर्ण थांबेपर्यंत हात आत नाही. काम रॅम खाली ठेवून होण्यासारखं असेल तर तो खालीच आणून ठेवा. वर ठेवावाच लागला तर बेड (खालचा पक्का भाग) आणि रॅमच्या मध्ये सेफ्टी ब्लॉक उभा करा. लाकडाचा ओंडका नको, त्या टनेजसाठी बनवलेलाच ब्लॉक हवा, आणि तो बुधवारीच शोधून ठेवा. ऐन वेळी तो नेमका दुसऱ्या शॉपला गेलेला असतो. हवा सोडायची ती ब्लॉक लावल्यावरच. काउंटरबॅलन्सच्या सिलिंडरमधली हवा रॅमचं वजन पेलून धरते. आधी हवा सोडली तर रॅम खाली येऊ शकतो. गेज शून्यावर आलेलं डोळ्यांनी बघा, हवेच्या व्हॉल्व्हलाही कुलूप घाला. मग प्रेस चालवायची दोन्ही बटणं दाबून बघा, काही हलता कामा नये. टेस्टर आधी चालू लाइनवर तपासून मग पॅनेलवर लावा. ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) असेल तर त्याच्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरेपर्यंत थांबा. किती मिनिटं ते त्याच्यावरच छापलेलं असतं.

बाकी नेहमीचं: सैल बाही नको, अंगठी-कडं काढून ठेवा, फिरत्या भागाजवळ हातमोजे नकोत. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मशीन पुसायला नवखा हेल्पर लावतात, त्यालाही हे सगळे नियम लागू. नुसतं पुसायचंय म्हणून कुलूप टाळू नका.

हाताच्या दुखापतीवर शस्त्रक्रिया करणारं जवळचं हॉस्पिटल कोणतं, त्याचा नंबर आणि गाडी कोण काढणार, हे परमिटच्या मागेच लिहा. बोट तुटलंच तर ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवू नका.

काम संपल्यावर पाने-हत्यारं मोजा, गार्ड बसवा, सगळी माणसं बाजूला घ्या, मग ज्याने त्याने आपलं कुलूप काढा. पहिले स्ट्रोक पत्रा न लावता, इंचिंगवर, म्हणजे रॅम थोडा थोडा हलवत.