मुंबईची जुनी चित्र-पोस्टकार्डे जमवताना

संग्रहाला सुरुवात करताना सगळी मुंबई एकदम कवेत घेऊ नये. बोरीबंदर, राजाबाई टॉवर किंवा अपोलो बंदर यांपैकी एखादेच ठिकाण निवडावे, म्हणजे नजर लवकर तयार होते. चोरबाजारातील मटण स्ट्रीटवरची दुकाने आणि नाणी-तिकिटांची प्रदर्शने येथे कार्डे मिळतात, पण किमतीची घासाघीस करण्यापूर्वी कार्ड उलटून पाहावे.

खरी माहिती मागच्याच बाजूला असते. मधोमध उभी रेघ नसून ती संपूर्ण बाजू केवळ पत्त्यासाठी राखलेली असेल, तर कार्ड बहुधा विसाव्या शतकाच्या अगदी आरंभीचे असते. रेघेच्या एका बाजूला मजकूर आणि दुसऱ्या बाजूला पत्ता अशा विभागणीस ब्रिटनने 1902 मध्ये परवानगी दिली आणि इतर देशांनी ती पुढे स्वीकारली. तिकिटावर सातवा एडवर्ड आहे की पाचवा जॉर्ज, हेही पाहावे. मात्र टपालाचा शिक्का पाठवल्याची तारीख सांगतो, छायाचित्राची नव्हे. त्यासाठी चित्रच वाचावे लागते: समुद्राकडून टिपलेल्या दृश्यात 1903 चे ताजमहाल हॉटेल असेल आणि 1924 मध्ये पूर्ण झालेले गेटवे नसेल, तर काळ आपोआप आखला जातो.

भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसली, तर ते छापील चित्र समजावे. अस्सल छायाचित्रात अशी जाळी नसते. कार्डे पीव्हीसीच्या पाकिटांत ठेवू नयेत, पॉलिएस्टरची वापरावीत, आणि पावसाळ्यात कपाटातील दमटपणाकडे लक्ष द्यावे. मागचा मजकूर खोडण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा.