पावसाळ्याआधी रिलेंचं कम्युनिकेशन तपासताना

मे महिन्यात विहिरी आटतात, कृषिपंपांचा भार उतरतो. मराठवाड्यातल्या सबस्टेशनांत मान्सूनपूर्व आउटेज (देखभालीसाठी ठरवून केलेले बंद) निघतात, त्यातच रिलेंचं कम्युनिकेशन, म्हणजे फॉल्ट ओळखून ब्रेकर पाडणाऱ्या या यंत्रांचा कंट्रोल रूमशी असलेला संपर्क, तपासून घ्या. परमिट, लॅपटॉप, रिलेचं सॉफ्टवेअर, पासवर्ड हे सांगायला नकोच. सेटिंग फाइलचा बॅकअप आधी, मगच हात लावायचा.

नेटवर्कचा नकाशा कागदावर छापून न्या: कोणता रिले, कोणता आयपी, कोणत्या स्विचचं कोणतं पोर्ट. जुन्या १३२ केव्ही सबस्टेशनात आयईसी ६१८५० या नेटवर्क मानकावरच्या नव्या रिलेशेजारीच आरएस-४८५ या सिरीयल तारेवरचा जुन्या १०३ प्रोटोकॉलचा रिले सापडतो. त्या तारेच्या दोन टोकांनाच १२० ओहमचा रेझिस्टर हवा, अधेमधे नको. एका ॲड्रेसवर दोन रिले नकोत.

आता खरं काम. केबल उपटून बघा. पडद्यावर सगळे रिले हिरवे दिसतात म्हणून तपासणी झाली असं धरू नका. मागच्या खेपेला माझ्याकडून हेच राहिलं. भर पावसात एका बेचा (एका लाइनच्या किंवा ट्रान्सफॉर्मरच्या विभागाचा) रिले मुका झाला आणि पडद्यावर ब्रेकर क्लोज, करंट ठीक, असं जुनंच चित्र बराच वेळ राहिलं. लिंक तुटली की स्काडा, म्हणजे हा पडदा चालवणारी देखरेखीची प्रणाली, शेवटचा आकडा धरून ठेवते. तो आकडा शिळा आहे हे सांगणारा क्वालिटी बिट असतो, पण त्यावरून पडद्याचा रंग बदलेल आणि अलार्म वाजेल ही जोडणी कुणीतरी करावी लागते. गिरवलीसारख्या ४०० केव्हीच्या ठिकाणी हाताशी माणसं असतात. तालुक्याच्या सबस्टेशनात रात्री अनेकदा एकटा ऑपरेटर असतो. तो त्या पडद्यावरच विसंबतो.

वॉचडॉग कॉन्टॅक्ट आहे की, असं कुणी म्हणेल. हा कॉन्टॅक्ट रिले आतून बिघडला किंवा रिलेचा डीसी सप्लाय गेला तरच पडतो. लिंक तुटलेला रिले धडधाकट असतो, फॉल्ट आला तर ट्रिपही देईल, फक्त कळवणार नाही. तेव्हा वॉचडॉग वेगळा तपासा, आणि केबल उपटायचीच.

एकेका रिलेची उपटा. नमुन्याला दोन-चार उपटून भागत नाही, कारण अलार्मचं मॅपिंग बेगणिक वेगळं चुकतं. कंट्रोल रूममध्ये माणूस बसवा आणि फोनवर विचारा: अलार्म आला का, नाव त्याच बेचं आलं का? मग कळव्याच्या एलडीला (राज्याच्या लोड डिस्पॅच केंद्राला) विचारा, तिकडे काय दिसतंय? सबस्टेशनची माहिती एलडीला पाठवणाऱ्या गेटवेची केबलही उपटा, आणि तिथे घाई करू नका. एलडीकडे जाणाऱ्या १०४ प्रोटोकॉलच्या लिंकवर टी३ (शांत लिंकवर चाचणी संदेश जाण्याआधीची मुदत) २० सेकंद आणि टी१ (उत्तराची वाट बघण्याची मुदत) १५ सेकंद हे नेहमीचे आकडे असतील, तर शांत पडलेली लिंक तुटल्याचं समोरच्याला कळायला ३५ सेकंद जाऊ शकतात. त्याआधी केबल परत खोचली तर तपासणी फुकट.

पीआरपी (तोच संदेश ए आणि बी या दोन नेटवर्कवरून एकाच वेळी पाठवण्याची पद्धत) असेल तर जास्त जपा. ए नेटवर्क गेलं तरी सगळं बी वरून सुरळीत चालतं, आणि धोका तिथेच आहे. ट्रेंचमध्ये उंदरांनी ए ची फायबर कुरतडली, तर बी जाईपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. आधी फक्त ए उपटा, मग फक्त बी, मग दोन्ही. तिन्ही वेळा अलार्म यायलाच हवा.

गूस (एका रिलेने दुसऱ्या रिलेला नेटवर्कवरून थेट पाठवलेले झटपट संदेश) असेल तिथे मात्र थांबा. ब्रेकर फेल्युअर (ब्रेकर उघडला नाही तर शेजारचे ब्रेकर पाडणं) किंवा इंटरलॉकिंग (चुकीचं स्विचिंग अडवणं) गूसवर असेल, तर संदेश थांबल्यावर घेणारा रिले कोणती किंमत धरतो ते आधी सेटिंगमध्ये वाचा, ट्रिप आयसोलेट करा, मगच केबलला हात लावा. अलार्म घेणाऱ्या रिलेवर शोधायचा, पाठवणाऱ्यावर नाही. मध्यंतरी रिले बदलला असेल तर गूसचा कॉन्फिग रिव्हिजन (मांडणीचा आवृत्ती क्रमांक) दोन्हीकडे जुळवून बघा. लाइन डिफरन्शियलची (लाइनच्या दोन टोकांचे करंट ताडून बघणाऱ्या संरक्षणाची) फायबर समोरच्या सबस्टेशनला कळवल्याशिवाय काढू नका. चॅनल गेला की ८७एल, म्हणजे हेच संरक्षण, ब्लॉक होतं, तेव्हा डिस्टन्स संरक्षणाचा बॅकअप चालू असल्याची खात्री हवी.

बाकीचं पटापट. जीपीएस घड्याळ: रेकॉर्डमध्ये साडेपाच तासांचा फरक दिसला तर यूटीसीचं सेटिंग बघा. स्विचची डीसी, दोन्ही सप्लाय. धूळ. फायबरची टोपणं. उपटलेल्या सगळ्या केबल जागेवर.

रजिस्टरमध्ये नुसतं ‘कम्युनिकेशन ठीक’ लिहू नका. कोणती केबल उपटली, अलार्म किती सेकंदांनी आला, एलडीला दिसला का, एवढं लिहा. ज्या रिलेची उपटली नाही त्याचा रकाना कोरा सोडा.