दोन लिप्यांचा मजकूर पीडीएफमध्ये जसाच्या तसा नेताना

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात एकाच कागदावर मराठी आणि कन्नड मजकूर शेजारी शेजारी असणे ही रोजची बाब आहे. असा कागद वर्डमध्ये नीटनेटका दिसतो आणि दुसऱ्या संगणकावर उघडताच विस्कटतो. एका पतसंस्थेचा ताळेबंद मी वर्ड फाइल म्हणूनच कोल्हापूरच्या एका छापखान्याकडे पाठवला होता. तिथे माझा फॉन्ट नसल्यामुळे रकान्यांतले आकडे खालच्या ओळीत घसरले आणि एकूण बेरीज पुढच्या पानावर एकटीच जाऊन बसली.

वर्ड फाइलमध्ये पान तयार स्वरूपात साठवलेले नसते. तिच्यात मजकूर आणि मांडणीच्या सूचना असतात, आणि प्रत्येक संगणक आपल्याकडच्या फॉन्टने ते पान नव्याने रचतो. पीडीएफमध्ये मात्र प्रत्येक अक्षराची जागा ठरलेली असते व फॉन्टही सहसा सोबत जातो. म्हणून ज्या संगणकावर मजकूर टाइप केला, त्याच संगणकावर पीडीएफ करावी. पेनड्राइव्हवर वर्ड फाइल नेऊन झेरॉक्सच्या दुकानात पीडीएफ करून घेणे हेच बहुतेक बिघाडांचे मूळ असते.

सर्वाधिक लक्ष फॉन्टकडे द्यावे. श्रीलिपी किंवा कन्नडसाठीचे नुडी यांच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर आतून रोमन अक्षरांच्या संकेतांत साठवलेला असतो. फॉन्ट सोबत गेला तर पीडीएफ डोळ्यांना ठीक दिसते, पण तिच्यात शब्द शोधता येत नाही आणि कॉपी केलेली ओळ निरर्थक उमटते. नवे काम युनिकोडमध्येच, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा वेगळा संकेत देणाऱ्या पद्धतीतच करावे. विंडोजमधील निर्मला यूआय या फॉन्टमध्ये देवनागरी आणि कन्नड दोन्ही लिप्या असल्यामुळे दोन्ही भाषांच्या ओळींची उंची जुळते. मराठीसाठी मंगल आणि कन्नडसाठी तुंगा हे वेगवेगळे फॉन्ट एकाच तक्त्यात वापरले की ती जुळवत बसावे लागते. ओळींमधील अंतरासाठी ‘एक्झॅक्टली’ हा पर्याय निवडू नये, कारण त्यात मराठीच्या वरच्या मात्रा आणि कन्नडची अक्षराखाली लटकणारी जोडाक्षरे कापली जातात किंवा शेजारच्या ओळीला भिडतात. ‘मल्टिपल’ निवडून आकडा थोडा कमी-जास्त करणे अधिक सुरक्षित.

नव्या पानासाठी एंटर दाबत राहण्याऐवजी कंट्रोल-एंटर दाबावे, आणि आकडे एकाखाली एक आणण्यासाठी स्पेसबारऐवजी टॅब किंवा तक्ता वापरावा. तक्त्याच्या गुणधर्मांत ओळ दोन पानांत तुटू देण्याची परवानगी काढून टाकावी आणि शीर्षकाची ओळ प्रत्येक पानावर पुन्हा येईल असे ठरवावे. शिक्का व सही यांची चित्रे ‘इन लाइन विथ टेक्स्ट’ ठेवली म्हणजे ती मजकुरापासून भरकटत नाहीत. कागदाचा आकार सुरुवातीलाच तपासावा: लेटर २१६ × २७९ मिलिमीटर आणि ए-४ २१० × २९७ मिलिमीटर असल्यामुळे तो शेवटी बदलला तर सारी पाने हलतात.

नंतर कंट्रोल-ए आणि एफ-९ दाबून अनुक्रमणिका अद्ययावत करावी. ‘सेव्ह अ‍ॅज’मध्ये पीडीएफ निवडून ‘स्टँडर्ड’ दर्जा ठेवावा. ‘मिनिमम साइज’मुळे शिक्क्याच्या कडा पुसट होतात. पर्यायांच्या खिडकीत पीडीएफ-ए (दीर्घकाळ जतन करण्यासाठीचा पीडीएफचा प्रकार) ची खूण केल्यास सर्व फॉन्ट फाइलमध्ये घातले जातात. वर्षानुवर्षे जपायच्या ठरावांसाठी आणि अहवालांसाठी मी ती आवर्जून करतो. लिब्रेऑफिसमध्येही ‘एक्स्पोर्ट अ‍ॅज पीडीएफ’ या खिडकीत ही सोय आहे.

फाइल पाठवण्याआधी ती अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये उघडून कंट्रोल-डी दाबावे आणि ‘फॉन्ट्स’ या भागात प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड’ (फॉन्ट फाइलमध्ये घातला आहे) किंवा ‘एम्बेडेड सबसेट’ (त्यातली वापरलेली अक्षरे घातली आहेत) लिहिले आहे का, ते पाहावे. तसे नसेल तर त्या फॉन्टचा परवाना बहुधा तो सोबत देऊ देत नाही आणि फॉन्ट बदलणे भाग आहे. मग तीच पीडीएफ मोबाइलवर उघडावी, एक कन्नड आणि एक मराठी ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपच्या चौकटीत चिकटवून पाहावी, आणि ताळेबंदाच्या पानावर बेरजेची ओळ आपल्या रकान्यांखालीच आहे याची खात्री करून मगच फाइल छापखान्याकडे पाठवावी.